झोपलेला गडी आळशी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत पीटर ब्रूगेलच्या 1565 सालच्या सुगीच्या चित्रावर लेख आला आहे. झाडाखाली पाय फाकवून पडलेल्या गड्याला त्यात ‘ग्रामीण आळसाचं प्रतीक’ म्हटलंय. वाचून संताप झाला आणि अजून उतरलेला नाही.

त्यात आपण चित्राची डावी बाजू कापून छापलीत! त्या बाजूला माणूसभर उंच गव्हात दोघं जण लांब दांड्याच्या कोयत्यांनी पीक कापताहेत. एक जण गव्हातल्या वाटेने जड कुंजे घेऊन चढ चढतोय. म्हणजे काही जण जेवत असताना बाकीच्यांचं काम चालूच आहे. तेवढा भाग गेल्यावर वाचकाला दिसणार कोण? जेवणारे आणि झोपलेला.

आमच्याकडे निफाडला गव्हाची सोंगणी फाल्गुनात. दव असतानाच शेतात उतरावं लागतं, ऊन तापलं की दाणे झडतात. दुपारपर्यंत कंबर धरते, कुसळं मानेत आणि बाह्यांत घुसलेली असतात. माझी आई भाकर खाऊन घटकाभर लिंबाखाली आडवी झाली, तर मालक बांधावरूनच ओरडला, “झोपायचे पैसे देतो का मी?” अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. मी लहान होते, पेंढ्यांचे बंध वळत बसले होते. आई एक शब्द बोलली नाही. उठली आणि पुन्हा पात धरली. पहाटेपासून तिने किती पेंढ्या टाकल्या, ते त्या मालकाने पाहिलं नव्हतं. आपल्या लेखकाने तरी कुठे पाहिलं?

हे चित्र ज्याच्यासाठी काढलं त्या अँटवर्पच्या व्यापाऱ्याच्या, निक्लास योंगेलिंकच्या रसिकतेवर लेखात दोन परिच्छेद आहेत. मजुरांच्या वाट्याला एक वाक्य, तेही असं. या रसिकाने 1566 मध्ये आपल्याकडची ब्रूगेलची चित्रं दुसऱ्याच्या देण्यापोटी शहराकडे तारण ठेवली होती. त्याच सुमारास तिथे धान्य कडाडलं होतं, गरिबांचे हाल चालले होते. याचा लेखात उल्लेखही नाही, आणि चित्र मात्र ‘सुखी, निवांत खेड्याचं’!

जागेची सबब सांगू नये. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर हे चित्र मोफत मिळतं. येत्या रविवारी ते संपूर्ण छापा, डाव्या बाजूच्या कापणाऱ्यांसकट, आणि ‘आळस’ हा शब्द मागे घ्या.

आणखी एक. आपलं शेतीचं पान पूर्वी दर आठवड्याला यायचं, आता बाजारभावाची चौकट तेवढी उरली आहे. ते पान कधी सुरू करणार, तेही कळवावं.

आपली,
एक वाचक, निफाड