मटणाच्या रश्श्यासोबत रेड वाइन कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जेवणासोबत कोणते पेय घ्यावे, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. मटणासोबत रेड वाइन, मासे आणि चिकनसोबत व्हाइट वाइन आणि बिअर केवळ चकण्यापुरती, असा सरधोपट नियम त्यात दिला आहे. हा नियम ज्या युरोपीय स्वयंपाकघरांत रुजला, तिथे मटणाला मीठ, मिरी आणि थोडा सुगंधी पाला एवढे पुरते. आपल्याकडे भाजलेले खोबरे, कांदा, काळा मसाला आणि वर बोटभर तर्री असते. तोच नियम सोलापुरात लावला तर रश्श्याचीही चव जाते आणि वाइनचीही, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालींतून आणि बियांतून उतरलेले टॅनिन असते. कच्चे केळे चावल्यावर जीभ आकसते, त्याच जातीचा हा तुरटपणा. तिखटाने आधीच पोळलेल्या जिभेला तो अधिक बोचतो. शिवाय मिरचीतले कॅप्साइसिन तोंडातील उष्णता ओळखणाऱ्या ज्या संवेदकांना चेतवते, त्यांनाच मद्यार्कही चेतवतो, त्यामुळे तेरा-चौदा टक्के मद्यार्काची वाइन रश्श्याची आग वाढवते आणि पाच टक्क्यांच्या आसपासची थंड लागर (नेहमीची हलकी, सोनेरी) बिअर ती तेवढी वाढवत नाही. बिअर आग विझवते असे मात्र मी म्हणणार नाही. ते काम मठ्ठ्याचेच, कारण दुधातले केसीन हे प्रथिन कॅप्साइसिनला धरून जिभेवरून उतरवते.

बिअरचे खरे काम तेलकट तोंड स्वच्छ करण्याचे आहे, आणि त्यासाठी आपल्या शेंगा चटणीसारखी परीक्षा दुसरी नाही. उखळात कुटताना दाण्याला सुटलेले तेल जिभेवर चिकटून बसते. कडक भाकरीचा तुकडा, त्यावर ती चटणी आणि मागून थंड बिअरचा एक घोट, याहून चांगली जोडी मला तरी या शहरात सापडलेली नाही. (परवाना असलेल्या मंडळींविषयीच लिहितो आहे.) हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, भरपूर कडवटपणा असलेली आयपीए ही बिअर मात्र या ताटासोबत नको, कारण कडूपणाने तिखटाला धार चढते, त्यापेक्षा गव्हाची बिअर बरी.

याचा अर्थ वाइनला सोलापुरी पंगतीत जागाच नाही, असा नव्हे. आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातील मोटेवाडीला फ्रातेल्लीची वायनरी आहे आणि इटलीच्या टस्कनीतील सँजोव्हेसे ही द्राक्षाची जात तिथल्या मळ्यांत वाढते. आमच्या ओळखीतील अनेकांना अजूनही वाटते की वाइन नान्नजच्या सोनाकाची होत असावी. सोनाका खाण्याचे आणि बेदाण्याचे बिनबियांचे द्राक्ष, तर वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे आणि बियांचे असते. किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन आठ-दहा अंशांवर थंड करून हुरड्यासोबत घेऊन पाहावी. कोवळ्या ज्वारीच्या गोडीला ती साथ देते आणि सोबतच्या लसणाच्या चटणीशी भांडत नाही. रेड वाइन घ्यायचीच असेल तर कमी तिखटाच्या, कोरड्या भाजलेल्या मटणासोबत घ्यावी, तीही 'रूम टेम्परेचर'ला नव्हे. बाटलीवरची ती 'रूम' युरोपातील, सोळा-अठरा अंशांची असते. मे महिन्यात चाळिशी ओलांडणारी आपली खोली नव्हे. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्याने रेड वाइनचा अपमान होत नाही.

राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ती विकावी की नाही यावर रणे माजली. ती कशी वाढावी यावर फारसे कोणी बोलले नाही. त्याचे फळ गेल्या महिन्यात येथील एका चांगल्या म्हणवणाऱ्या हॉटेलात मला मिळाले. वाइन आली ती पाण्याच्या जाड ग्लासात, काठोकाठ भरून आणि हाताला कोमट लागेल अशी. वाइनच्या ग्लासाला दांडी असते ती हाताची ऊब वाइनपर्यंत पोहोचू नये म्हणून, आणि त्याचे तोंड पोटापेक्षा निमुळते असते ते वास आत कोंडून राहावा म्हणून. त्यासाठी ग्लास एक तृतीयांशच भरायचा असतो. ग्राहकाला कमी दिल्यासारखे वाटेल, ही हॉटेलवाल्यांची भीती मला समजते, पण मग माप लिहूनच द्यावे.

बिअरची तऱ्हा त्याहून वाईट होती. फ्रीजरमधून काढलेला, बर्फाचा थर धरलेला मग समोर आला. इतक्या गारठ्यात बिअरची चवच कळत नाही. साधा ग्लास मागितला, तर त्यात ओतलेल्या बिअरचा फेस चार क्षणांत बसला आणि आतल्या बाजूला बुडबुडे ठिकठिकाणी चिकटून राहिले. ग्लास तेलकट असल्याची ही हमखास खूण. नाकाशी नेला तर मसाल्याचा वास येत होता, म्हणजे रश्श्याच्या वाट्या आणि ग्लास एकाच पाण्यात निघाले होते.

वाढणाऱ्या मुलाला मी तो ग्लास गरम पाण्याने आणि खायच्या सोड्याने घासून आणायला सांगितले. त्याने कुरकुर केली, पण आणला. दुसऱ्यांदा ओतल्यावर दोन बोटे फेस उभा राहिला आणि भाकरी संपेपर्यंत प्रत्येक घोटाचे पांढरे कडे ग्लासाला दिसत होते. मुलगाही ते बघत उभा होता.

आपला नम्र,
एक वाचक, सोलापूर