म्युनिकहून बाबांना पत्र: जमाल मुसियालाच्या निमित्ताने

म्युनिक

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपला नातू येथील मुलांच्या फुटबॉल संघातून खेळू लागला, याचा आपल्याला झालेला आनंद ओळीओळीतून दिसत होता. पत्राच्या शेवटी आपण जे विचारले आहे, ते मात्र फोनवर दोन मिनिटांत बोलून संपण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आई मराठी आणि वडील जर्मन असलेला मुलगा उद्या मोठा खेळाडू झाला, तर तो कोणाचा म्हणायचा, आणि एका देशाची जर्सी घातली म्हणजे दुसऱ्याशी असलेले नाते तुटले का, असे आपण विचारता. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे फुटबॉल सामने पाहत ज्यांची हयात गेली, आणि माणूस ज्या पेठेत जन्मला त्या पेठेचाच संघ आयुष्यभर त्याचा, असे ज्यांनी मानले, त्यांच्या मनात हा प्रश्न येणारच. आपल्या नातवाने ज्याचे चित्र खोलीत लावले आहे, त्या जर्मन फुटबॉलपटू जमाल मुसियालाची कारकीर्द मी गेली काही वर्षे जवळून पाहते आहे. तिच्याच आधाराने उत्तर देते.

जमालचा जन्म 26 फेब्रुवारी 2003 रोजी श्टुटगार्टला झाला. वडील ब्रिटिश-नायजेरियन, आई जर्मन, आणि आईच्या घराण्याची मुळे पोलंडमधली. त्याचे बालपण फुल्डा येथे गेले आणि तेथल्याच लेनर्झ नावाच्या छोट्या क्लबात तो पहिल्यांदा खेळला. तो सात वर्षांचा असताना, 2010 मध्ये, आईच्या शिक्षणाच्या निमित्ताने कुटुंब इंग्लंडमधील साउदॅम्प्टनला गेले, आणि थोड्याच काळात चेल्सीसारख्या मोठ्या क्लबाच्या अकादमीने त्याला घेतले. त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक लोक हा भाग एका वाक्यात उरकतात. मला मात्र तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण कोणता देश आपला, हे त्या वयात त्याने ठरवलेच नव्हते. आईला शिकायचे होते आणि मुलगा तिच्याबरोबर गेला, इतकेच. नव्या देशात, नव्या भाषेत, ओळखीचे कोणी नसताना मुलांमध्ये सामील होण्याचा सर्वांत सोपा मार्ग चेंडू हाच असतो, हे मी आपल्या नातवाच्या बाबतीतही पाहिले आहे. समोरच्या दोन-तीन खेळाडूंमधून पायाला चिकटल्यासारखा चेंडू नेण्याची जी कला आज साऱ्या युरोपला ठाऊक आहे, ती इंग्लंडमधल्या त्या वर्षांत वाढली.

2019 च्या उन्हाळ्यात, सोळाव्या वर्षी, तो येथील बायर्न म्युनिक या क्लबाकडे आला. त्या निर्णयामागे ब्रेक्झिटमुळे आलेली अनिश्चितता हेही एक कारण असल्याचे तेव्हा सांगितले गेले. 20 जून 2020 रोजी फ्रायबुर्गविरुद्ध तो बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीतल्या सर्वोच्च साखळी स्पर्धेत, पहिल्यांदा उतरला, तेव्हा त्याचे वय 17 वर्षे 115 दिवस होते आणि तोवर बायर्नकडून त्या स्पर्धेत इतका लहान खेळाडू कधीच खेळला नव्हता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये शाल्केवर मिळवलेल्या 8-0 अशा विजयात त्याने पहिला गोलही केला.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येते. जन्म आणि कुटुंब यांच्यामुळे त्याला इंग्लंड, जर्मनी आणि नायजेरिया असे तीन देश खुले होते. कुमारवयात तो इंग्लंडच्या निरनिराळ्या वयोगटांतून खेळला, मधे जर्मनीच्या सोळा वर्षांखालील संघातूनही खेळून पाहिले, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये तो इंग्लंडच्या एकवीस वर्षांखालील संघात होता. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांनुसार वयोगटांतील असे सामने खेळाडूला कायमचे बांधत नाहीत. खरी गाठ बसते ती मुख्य संघाकडून अधिकृत स्पर्धेचा सामना खेळल्यावर. सप्टेंबर 2020 मध्ये फिफाने हा नियम आणखी थोडा सैल केला असून, एकविसाव्या वर्षाआधी मुख्य संघाकडून तीनपेक्षा जास्त सामने न खेळलेल्याला तीन वर्षांच्या खंडानंतर, काही अटींवर, देश बदलता येतो. तरीही सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला तो एक सामना फार विचार करूनच खेळावा लागतो. जर्मनीचे तेव्हाचे प्रशिक्षक योआखिम ल्यूव्ह यांनी त्याच्याशी बोलून मुख्य संघात त्याचे स्थान काय असेल हे समजावले, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये, अठरावा वाढदिवस तोंडावर असताना, त्याने जर्मनी निवडल्याचे जाहीर केले. आपले मन जर्मनी आणि इंग्लंड या दोन्ही देशांसाठी धडधडते आणि पुढेही धडधडत राहील, असेच तेव्हा त्याने सांगितले. मार्चमध्ये ड्युइसबुर्गला आइसलँडविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यात तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि गाठ बसली.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, 29 जून 2021 रोजी, युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत जर्मनी आणि इंग्लंड समोरासमोर आले, तेही लंडनच्या वेम्बली मैदानावर. जर्मनी 2-0 अशी हरली आणि जमालला अगदी अखेरच्या क्षणी मैदानात यायला मिळाले. ज्या देशात तो लहानाचा मोठा झाला, त्याच्याविरुद्ध तो त्या संध्याकाळी उभा होता, आणि ज्यूड बेलिंगहॅमसारखे इंग्लंडच्या कुमार संघांतले त्याचे जुने सहकारी पलीकडच्या संघात होते. म्हणून ती मैत्री संपली नाही, आणि इंग्लंडमधले त्याचे बालपणही पुसले गेले नाही. बोआटेंग बंधूंचे उदाहरण तर आपल्याला आठवत असेल: बर्लिनमध्ये जन्मलेले, घानाच्या एकाच पित्याचे हे दोन मुलगे 2010 च्या विश्वचषकात एकमेकांविरुद्ध खेळले, जेरोम जर्मनीकडून आणि केविन-प्रिन्स घानाकडून. एका घरातल्या दोघांची उत्तरे वेगळी असू शकतात आणि दोन्ही प्रामाणिक असू शकतात, असे मला मनापासून वाटते.

त्याच्या खेळाविषयी किती लिहावे! 27 मे 2023 रोजी कोलोनमध्ये 89 व्या मिनिटाला त्याने केलेल्या गोलमुळे बायर्नने 2-1 असा सामना जिंकला, आणि तिकडे विजेतेपदाच्या शर्यतीतला डॉर्टमुंडचा संघ माइन्झशी बरोबरीत अडकल्याने केवळ गोलफरकावर विजेतेपद म्युनिकला आले. 2024 ची युरो स्पर्धा जर्मनीतच झाली. तीत त्याने तीन गोल केले आणि सर्वाधिक गोल करणाऱ्यांत तो बरोबरीने पहिला राहिला. त्यांतला हंगेरीविरुद्धचा गोल श्टुटगार्टमध्ये, म्हणजे त्याच्या जन्मगावी झाला. त्याच मैदानावर 5 जुलैला स्पेनकडून जादा वेळेत हार पत्करावी लागली. बरोबर एका वर्षाने, 5 जुलै 2025 रोजी, क्लब विश्वचषकात पॅरिसच्या गोलरक्षकाशी टक्कर होऊन त्याच्या पायाचे हाड मोडले, घोटा निखळला आणि त्याला कित्येक महिने मैदानाबाहेर राहावे लागले. व्यावसायिक खेळाची ही बाजू आपल्या नातवालाही कळावी, म्हणून ती बातमी मी त्याच्यापासून लपवली नाही.

येथे सारे गोडच आहे, असेही मी लिहिणार नाही. 2018 च्या विश्वचषकानंतर तुर्की वंशाच्या मेसुत ओझिलने वर्णद्वेषाचा आरोप करत जर्मनीचा संघ सोडला. 2024 मध्ये, युरो सुरू होण्याच्या तोंडावर, येथील सार्वजनिक वाहिनीच्या एका पाहणीत 21 टक्के लोकांनी राष्ट्रीय संघात गोरे खेळाडू अधिक असावेत असे मत दिले. संघाचे प्रशिक्षक नागेल्समान आणि खेळाडू योशुआ किमिश यांनी त्यावर उघड नापसंती व्यक्त केली, याचा मला फार आधार वाटला. गोल केला की आपला आणि चुकला की परका, हे जोखड मिश्र घरातल्या मुलाच्या मानेवर येते, आणि त्याची तयारी घरातूनच करून द्यावी लागते.

आपल्या नातवासमोरची वाट जमालइतकी मोकळी नाही, हेही आपल्याला माहीत असावे. जर्मनीने जून 2024 पासून दुहेरी नागरिकत्वाला सरसकट परवानगी दिली आहे. भारताचा कायदा ती देत नाही, आणि भारतीय पासपोर्ट असल्याशिवाय भारताकडून खेळता येत नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड त्याच्याजवळ आहे, पण ते त्यासाठी पुरणार नाही. बेंगळुरू एफसी या क्लबाचा फुटबॉलपटू रायन विल्यम्स, ज्याची आई मूळची मुंबईची, त्याने 2025 मध्ये ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले, तेव्हा कोठे त्याच्यासाठी तो दरवाजा उघडला. उद्या आपल्या नातवाला तसे करावेसे वाटले, तर मी आणि हे, दोघेही त्याच्या पाठीशी राहू. आणि त्याला जर्मनीकडून खेळावेसे वाटले, तर आपणही त्याच्या पाठीशी राहावे, एवढीच माझी आपल्याकडे मागणी आहे.

तोवर, बाबा, एक करा. फोनवर त्याला कोणत्या देशाकडून खेळणार असे विचारू नका. तो गोंधळतो आणि माझ्याकडे पाहू लागतो. त्याचा डावा पाय कच्चा आहे. आपण त्याविषयी विचारावे आणि भिंतीवर चेंडू मारून तो कसा तयार करायचा, हे सांगावे. माझ्यापेक्षा तो आपले नक्की ऐकेल. आईस साष्टांग नमस्कार.

आपली लेक