करपलेला कुकर आणि तुमच्या ‘विसरभोळ्या गृहिणी’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला ‘विसरभोळ्या गृहिणींनो, गॅसकडे लक्ष द्या!’ हा लेख वाचला. एक रात्र मध्ये जाऊनही डोकं शांत झालं नाही, म्हणून हे पत्र. लेखाखाली नाव नव्हतं, त्यामुळे राग कोणावर काढायचा हेही कळेना. मग तुमच्यावरच काढतो.

मोबाइलला गजर लावा, दुधाच्या पातेल्यावर लाकडी पळी आडवी ठेवा, कुकरच्या शिट्ट्या मोजा. बरं. पळीनं दुधाचा फेस थोडा वेळ मोडतो हे खरं, पण पळी गॅस बंद करत नाही. आणि शिट्ट्या मोजण्याबद्दल खाली सांगतो.

माझं कुकर, शेगडी आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. जळालेली भांडी घेऊन माझ्याकडे बहुतेक पुरुषच येतात. पिशवीतून कुकर काढून काउंटरवर ठेवायच्या आधी खुलासा सुरू होतो, “मिसेस विसरल्या हो.” मी विचारतो, तेव्हा तुम्ही कुठं होता? “घरीच. हॉलमध्ये.” आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हॉल आणि ओटा यांच्यात अंतर ते किती! जळका वास हॉलमध्ये येतो, शेजारच्या बिऱ्हाडात येतो, जिन्यात येतो. फक्त सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या नाकाला तो लागत नाही. त्याबद्दल तुमच्या लेखात अवाक्षर नाही.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. एक सद्गृहस्थ पाच लिटरचा कुकर घेऊन आले. चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बोलणं अदबीचं. सेफ्टी व्हॉल्व्ह उडालेला, आणि तोही दुसऱ्यांदा. म्हणाले, “हा व्हॉल्व्हच डोकेदुखी आहे. काढून टाका, तिथं नटबोल्ट घट्ट आवळून द्या. पैशाचं काही नाही.” मला आधी वाटलं, चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती.

त्यांना समजावलं. साहेब, या व्हॉल्व्हच्या पोटात मुद्दाम लवकर वितळणारा धातू भरलेला असतो. कुकरमध्ये वाफ कोंडते तेव्हा आतलं पाणी शंभराऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं, तोवर तो धातू शाबूत राहतो. पाणी संपून कुकर कोरडा तापला, किंवा डाळ-भाताचा फेस शिट्टीच्या नळीत अडकून दाब वाढला, की उष्णता त्याच्यापुढे जाते, धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. म्हणजे व्हॉल्व्ह उडाला याचा अर्थ तो बिघडला असा नाही, त्यानं काम चोख केलं. तिथं नटबोल्ट बसवलात तर पुढच्या वेळी नळी तुंबली की झाकणच उडेल, आणि ते छतावरच जाईल याची खात्री नाही.

गृहस्थ म्हणाले, “ते सगळं ठीक आहे हो, पण हिला शिट्ट्या मोजता येत नाहीत त्याचं काय?”

बाई दुकानाच्या पायरीवर छत्री मिटत उभ्या होत्या. तोवर गप्प होत्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “भाऊ, शिट्टी झालीच नाही. कुकर लावला, पाणी घालणार तेवढ्यात यांनी हाक मारली, चष्मा सापडत नाही. चष्मा दिला तर सासूबाईंची गोळी राहिली होती. मग कुरियरवाला. शिट्टी झाली नाही म्हणून मला वाटलं, अजून वेळ आहे.”

संपादक महोदय, आता शिट्ट्यांकडे येतो. शिट्टी वाफेनं होते आणि वाफ पाण्याची होते. तळाशी पाणीच नसेल तर कुकर शिट्टी देत नाही, तो गप्प बसून तापत राहतो. त्यामुळे शिट्ट्या मोजणारी कितीही दक्ष बाई असली तरी तिथं मोजायला काहीच नसतं. कुकर ठेवून बराच वेळ झाला आणि शिट्टी नाही, तर उठून बघायला पाहिजे, आणि हे हॉलमधल्या माणसालाही कळायला हरकत नाही, कान त्यालाही आहेत. तुमच्या लेखानं हे सांगितलं असतं तर मी लेखाचं कात्रण काढून दुकानात लावलं असतं.

त्या गृहस्थांना मी नटबोल्ट लावून दिला नाही. “दुसरीकडे करून घेतो,” म्हणाले. घेतलाही असेल. करून देणारे आहेत आमच्या धंद्यात.

आता लेखातल्या सहाव्या उपायाबद्दल, ज्याच्यामुळे मी खरा भडकलो. ‘भांडे करपल्यास किंवा पेट घेतल्यास त्वरित गार पाणी ओतावे.’ हे छापण्याआधी कार्यालयात कोणी वाचलं होतं का? कढईतलं तेल पेटलं असताना पाणी ओतलं तर ते तेलाच्या खाली जातं, क्षणात त्याची वाफ होते, आणि ही वाफ पाण्याच्या जवळजवळ १,७०० पट जागा घेते. ती पेटतं तेल घेऊनच वर येते, थेट ओतणाऱ्याच्या तोंडावर. तिथं गॅस बंद करायचा, जमत असेल तर सपाट झाकण किंवा ताट कढईवर सरकवायचं, आणि कढई जागची हलवायची नाही. नुसतं करपलेलं भांडं असलं तरी पाण्याची घाई नको. तापलेल्या ॲल्युमिनियमवर गार पाणी पडलं की बूड वाकडं होतं आणि नंतर ते भांडं शेगडीवर डुलत राहतं. स्टीलच्या जाड बुडाच्या भांड्यात मध्ये ॲल्युमिनियमचा थर असतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि गॅसची ज्योत त्याहून कितीतरी जास्त तापते. कोरडं राहिलेलं असं भांडं घाईनं उचललं तर वितळलेला धातू पायावर सांडू शकतो. गॅस बंद करा आणि त्याला निवू द्या, बास.

दूध उतू जाण्यावर तुम्ही अर्धा रकाना खर्च केलात, तोही ओटा कसा पुसायचा यावर. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यातलं दूध आपण मुद्दाम उतू घालवतो, तिथं भीती नाही. शेगडीवर मात्र दुधानं ज्योत विझते आणि गॅस चालूच राहतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. अशा वेळी दारं-खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या किंवा पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही, रेग्युलेटर बंद करायचा आणि बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन करायचा. ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणारी सोय शेगडीत बसवता येते. युरोपात ती सर्रास असते. आपल्याकडच्या साध्या दोन-तीन बर्नरच्या बहुतेक शेगड्यांत नसते, आणि गिऱ्हाईक मागत नाही म्हणून दुकानदार ठेवत नाही. काच कुठल्या रंगाची ते मात्र सगळे विचारतात. यावर मी तुम्हाला पूर्वी एक पत्र पाठवलं होतं. ते छापलं गेलं नाही. त्या दिवशी पत्रांच्या जागेत मांजरांच्या नावांवर वाचकांच्या प्रतिक्रिया होत्या. असो.

आणखी एक. त्याच पानावर, लेखाच्या बरोबर खाली, नॉनस्टिकची अर्धं पान जाहिरात आहे. मोठ्या ज्वाळेवर रिकामा तवा, आणि बाजूला पाठ करून कोणाशी तरी हसत बोलणारी बाई. त्या तव्यावरचा थर साधारण २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांत तिथवर जातो. त्या धुरानं पिंजऱ्यातला पोपट मरू शकतो. वर उपदेश आणि खाली हे चित्र, पान लावताना कोणाला खटकलं नाही?

जाहिरातीचे पैसे तुम्हाला मिळाले असतील, माझी मागणी फुकटातली आहे. सहावा उपाय चुकीचा होता, पेटत्या तेलावर पाणी ओतू नका, एवढी दुरुस्ती छापा. पहिल्या पानावर नको, पुरवणीतच चालेल. फक्त काल ‘विसरभोळ्या’ हा शब्द ज्या आकारात छापलात, त्याच आकारात.

कळावे,
आपला एक वाचक आणि कुकर दुरुस्त करणारा,
सातारा