पालकाचा हिशेब कोण पाहतो?

प्रति,
मा. मंत्री, दिव्यांग कल्याण, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

आई-वडील गेल्यावर बौद्धिक अक्षमता असलेल्या भावाचे पालकत्व बहुतेक घरांत दुसऱ्या भावाकडे किंवा बहिणीकडे जाते. सोबत ठेवी, फ्लॅटमधला हिस्सा आणि गावाकडच्या जमिनीचे कागदही त्याच कपाटात जातात. वडील खडकीच्या किंवा देहूरोडच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले असतील, तर कमावू न शकणाऱ्या अशा मुलाला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळते: दरमहा किमान 9,000 रुपये आणि त्यावर महागाई भत्ता. एवढ्या पैशावर त्याचे नीट भागू शकते. तो त्याच्यापर्यंत पोहोचतो का, हे पाहायचे कोणी?

राष्ट्रीय न्यास कायद्यात (1999) याची सोय आहे. कलम 16 नुसार पालकाने नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे 30 जूनपर्यंत, जमाखर्च स्थानिक स्तर समितीला (जिल्ह्यात पालक नेमणारी समिती) सादर करायचा. पण ‘जेवणखाण, औषधे व इतर: 1,44,000’ अशा एका ओळीच्या हिशेबातून काय कळणार? जमाखर्चासोबत बँकेचा वर्षभराचा उतारा घ्यावा आणि ज्यांचा हिशेब आला नाही त्यांना जुलैतच नोटीस जावी, असा आदेश आपण सर्व जिल्ह्यांना काढावा.

गडबडीची सुरुवात बहुधा मोबाईल नंबरपासून होते. खात्याला पालकाचा नंबर जोडला जातो, त्यात गैर काही नाही. मग एटीएम कार्ड त्याच्या खिशात जाते आणि पेन्शन जमा होते त्याच दिवशी सगळी रक्कम निघते. तरी रोख काढली म्हणजे खाल्ली, असे धरू नये. सांभाळणाऱ्या बाईचा पगार रोखच द्यावा लागतो आणि घरच्या किराण्यातून एकाचा तांदूळ वेगळा काढता येत नाही. अशी बहीण हिशेबात कच्ची असेल, चोर नव्हे. पाहायचे ते वेगळेच: दिवसाला तीन या हिशेबाने महिन्याचे नव्वद डायपर लिहिलेत, मग मेडिकलचे बिल कुठे आहे? औषधाला खंड पडलाय का? दाढ किडलेली, व्हीलचेअरची उशी फाटून पार्श्वभागावर जखम झालेली आणि खात्यात मात्र दरमहा शून्य शिल्लक, असे दिसले की चौकशी हवीच.

मोठी रक्कम जाते ती वेगळ्या वाटेने. पुण्यात जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास जोरात आहे. बांधकाम चालू असेपर्यंतचे भाडे आणि कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम) करारात लिहिलेल्या खात्यात पडतात. ते खाते पालकाचे स्वतःचे असले तर भावाच्या पासबुकात एक रुपयाही दिसत नाही. दुसरी वाट हक्कसोडपत्राची. भावाचा अंगठा, आणि हक्क मिळतो पालकालाच! दिव्यांग हक्क कायद्याचे (2016) कलम 13 सांगते की आर्थिक व्यवहारात हितसंबंध आड येत असतील, तर आधार देणाऱ्याने त्या व्यवहारातून बाजूला व्हावे. म्हणून असा दस्त समितीच्या लेखी अभिप्रायाशिवाय नोंदवू नये, यासाठी महसूल विभागाशी बोलावे. तोवर नातेवाइकांनी इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) आणि सातबाऱ्यावरचे फेरफार अधूनमधून पाहत राहावे.

संशय आला तर राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम 17 नुसार नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था पालकाला हटवण्याचा अर्ज करू शकते. अडते ते पुराव्यापाशी. बँक नातेवाइकाला उतारा देत नाही आणि पोलीस ‘घरगुती मामला’ म्हणून परत पाठवतात. तेव्हा तीन वर्षांचा उतारा समितीनेच मागवावा. मात्र खाते सरसकट गोठवू नये. त्यात पहिली बंद होतात ती फिटची औषधे. कार्ड थांबवावे आणि महिन्याची ठरावीक रक्कम खर्चासाठी चालू ठेवावी. मारहाण, उपासमार असेल तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 7 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. त्यासाठी नातेवाईकच असावे लागते असेही नाही.

चौकशीत त्या व्यक्तीशी पालकाला बाहेर बसवून बोलावे, सोबत तिची भाषा किंवा चित्रकार्डे समजणारा विशेष शिक्षक असावा. ‘दादा चांगला आहे ना?’ विचारले की उत्तर ‘हो’ येते. ‘दादा त्रास देतो ना?’ विचारले तरी ‘हो’च येते. ‘चप्पल कोणी आणली? कधी?’ असे विचारले तर काही हाती लागते.

आणि पालक बदललाच, तर ताब्यात घ्यायच्या वस्तूंची छापील यादी असू द्या: पासबुक, चेकबुक, मुदत ठेवींच्या पावत्या, कार्ड, आधार, यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र), निरामय या आरोग्य विम्याचे कार्ड. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर त्याच दिवशी बदलून घ्यावा, नाहीतर ओटीपी जुन्याच पालकाकडे जात राहतो.

आपले,
बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचे पालक, विशेष शिक्षक व हिशेबनीस
पुणे