जुना रोल सापडला तर फेकू नका

संपादक साहेब, नमस्कार.

हल्ली फिल्म कॅमेऱ्याची क्रेझ परत आलीय आणि त्यात एक्स्पायर्ड रोल वापरायचं फॅड, मजा येते हे खरं, पण 'दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त एक्स्पोजर द्या' (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) हा फॉर्म्युला सगळे डोळे झाकून सांगतात ते काही पटत नाही. रोल फ्रीजमध्ये होता की माळ्यावर उन्हाळे काढत होता, त्यावर सगळं अवलंबून. कमी स्पीडचा, म्हणजे प्रकाशाला कमी संवेदनशील, ब्लॅक अँड व्हाइट रोल बराच टिकतो, कलर रोलमधले रंगांचे थर मात्र कमीजास्त खराब होतात म्हणून रंग सरकतात.

खरा मुद्दा वेगळाय. फोटो काढून तसाच पडून राहिलेला रोल. त्याला आता एक्स्ट्रा लाइट देता येत नाही, जे काय ते डेव्हलपिंगमध्येच सांभाळायचं, आणि लोक असे रोल सरळ कचऱ्यात टाकतात! अहो, १८९७ ला आर्क्टिकमध्ये हरवलेल्या स्वीडनच्या आंद्रेच्या बलून मोहिमेची फिल्म १९३० ला बर्फात सापडली, तरी त्यातून ९३ फोटो निघाले. कोडाक्रोम या कोडॅकच्या कलर स्लाइड फिल्मचं कलर प्रोसेसिंग २०१० च्या शेवटी बंद झालं, पण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये इमेज अजूनही निघू शकते. फक्त लॅबला रोल जुना आहे हे आधी सांगा, डेव्हलपरमध्ये थोडं बेन्झोट्रायझोल हे रसायन घातलं तर फॉग, म्हणजे जुन्या फिल्मवर येणारा करडा धूसरपणा, कमी होतो (स्पीडही जरा पडतो, चालवून घ्यायचं).

आणि तुमच्या पुरवणीत मोबाइलच्या फिल्टरवर पानं भरण्यापेक्षा एकदा यावर नीट लेख द्या की.

आपला एक वाचक