बाबांची शेंगदाण्याची पुडी

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

परळच्या त्या ओपीडीत रोज किती पेशंट तुमच्यापुढे बसतात, ते मी पाहिलंय. आम्ही तुमच्या लक्षात असू असं नाही. बेस्टमधून रिटायर झालेले कंडक्टर, अँजिओप्लास्टीला जेमतेम पंधरा दिवस झालेले, आणि बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन बसलेली मी.

बाबांनी तेव्हा जेवण जवळजवळ टाकलंच होतं. बघायला येणारं प्रत्येक जण एकेक पदार्थ बंद करून जायचं. तेल बंद, खोबरं बंद. एका नातेवाइकांनी तर शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल ठासून भरलेलं असतं असं सांगितलं. एकतीस वर्षं खाकी शर्टाच्या खिशात भाजक्या शेंगदाण्याची पुडी ठेवणारा माणूस! दाण्यांचा डबा शेजारच्या पोराला देऊन टाकला आणि संध्याकाळभर गॅलरीत गप्प बसून राहिले. मला ते ऑपरेशनपेक्षा जास्त लागलं.

तुम्ही काहीच बंद केलं नाहीत. आधी मला विचारलंत, "महिन्याला तेल किती लागतं?" तिघांत पाच लिटरचा डबा. तुम्ही केसपेपरच्या मागे भागाकार मांडलात. माणशी दिवसाला ५० ग्रॅम! "हे निम्म्यावर आणा," म्हणालात. आम्हाला वाटायचं, आपलं जेवण साधं आहे.

मग बाबांकडे वळून म्हणालात, "काका, शेंगदाण्यात, बदामात कोलेस्टेरॉल नसतंच. ते फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं." आणि त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलंत. रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ही स्टॉपवरची गर्दी, यकृत म्हणजे बस. तूप, लोणी, पामतेल, खोबरेल यांतली संतृप्त चरबी जास्त झाली की बसची दारं कमी होतात आणि गर्दी स्टॉपवरच तुंबते. खोबरेलात ती ९० टक्क्यांच्या आसपास, हे ऐकून आम्ही मालवणी माणसं हादरलोच. पण तुम्ही खोबरंही तोडलं नाहीत. वाटणात अर्ध्या नारळाऐवजी दोन चमचे, एवढंच. चहाबरोबरची बेकरीची खारी मात्र सोडा म्हणालात. तिच्यातल्या वनस्पती तुपात ट्रान्स फॅट, म्हणजे एलडीएल वाढवणारी घातक चरबी, असू शकते; तिच्यावर जानेवारी २०२२ पासून तेला-तुपाच्या २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, पण सुट्या मालावर लेबल कुठलं?

शेंगदाण्याचं तुम्ही वाढवून सांगितलं नाहीत, याचं मला फार मोल वाटतं. २०१० साली २५ चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा रोज सरासरी ६७ ग्रॅम दाणे-सुकामेवा खाणाऱ्यांचं एलडीएल ७ टक्क्यांच्या आसपास उतरलेलं दिसलं. "म्हणजे उपयोग आहे, पण कोलेस्टेरॉलची गोळी सुटणार नाही, काका." मग त्यांचा तळहात उघडून त्यावर बोटाने गोल काढलात. एवढीच मूठ, ३० ग्रॅम, बिनमिठाची. आणि फरसाणाच्या जागी, फरसाण खाऊन वर नाही, कारण तेवढ्या मुठीतही १७० कॅलरी असतात. अक्रोड परवडत नाहीत म्हटल्यावर तुम्ही चटकन म्हणालात, "मग शेंगदाणेच खा, चांगले आहेत."

बाबा तळहाताकडे बघत राहिले. दवाखान्यात इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसले.

तीन महिन्यांनी एलडीएल १४२ वरून ६४ वर आलं. मोठा वाटा गोळीचा, हे तुमच्यामुळेच आम्हाला कळतं. पण ती गोळी ते न चुकता घेतात, दोन वेळा पोटभर जेवतात, आणि तेलाचा डबा आता दोन महिने पुरतो. सकाळी आई दाणे कोरड्या तव्यावर भाजते, बाबा वर्तमानपत्राच्या कागदाऐवजी कोऱ्या कागदाची पुडी वळतात आणि फिरायला निघतात.

पुढच्या तारखेला ते एकटेच येणार आहेत, मला येऊ नको म्हणालेत. तुमच्यासाठी एक पुडी आणतील. कृपा करून नाही म्हणू नका.

तुमची ऋणी,
एका पेशंटची मुलगी, लालबाग