आई, नावं नाही, खुणा पाठवतो

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

आईचा आवाजी निरोप परवा मिळाला. जहाज भर समुद्रात होतं, नेट धड चालत नव्हतं, म्हणून तुकड्यातुकड्यांनी ऐकला. "आम्ही दोघं आठ दिवस समुद्रावर जातोय. तू एवढी बंदरं फिरलास, जेवायला चांगल्या हॉटेलांची नावं लिहून पाठव." एवढंच वाक्य, पण मी ते इंजिन रूममधली पाळी संपल्यावर तीनदा लावून ऐकलं. मला आठवतं तेव्हापासून तुम्ही दोघंच असे कुठे गेलेला नाहीत. प्रत्येक प्रवासात कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, कुणाची परीक्षा होती. फार बरं वाटलं.

पण आई, नावं नाही पाठवत. तुम्ही जाताय तो किनारा मी पाहिलेला नाही. आणि पाहिला असता तरी नावांवर माझा भरवसा नाही, कारण आचारी सोडून गेला की पाटीवर फक्त नाव उरतं. त्याऐवजी खुणा पाठवतो. त्या मला आमच्या जुन्या बोसनने, म्हणजे जहाजावरच्या खलाशांच्या मुकादमाने, शिकवल्या आणि मी त्या बऱ्याच बंदरांत पारखून घेतल्या. त्यांच्या जोरावर तुम्ही कुठल्याही किनाऱ्यावर तुमची खाणावळ शोधाल.

बोसन म्हणायचा, "जेवायचं असेल तर समुद्राकडे पाहू नकोस, होड्यांकडे पाहा." पाण्याला लागून काचेची भिंत, रांगेने दिवे, दारात उभा राहून हाका मारणारा माणूस, अशा ठिकाणी जागेचं भाडं मोठं असतं आणि ते ताटातून वसूल होतं. होड्या लागतात तो धक्का साधारण बाजूला असतो. तिथे डिझेलचा वास येतो, जाळी वाळत असतात, पायाखाली ओलं असतं. त्या धक्क्यापासून पाच-दहा मिनिटांच्या आत, समुद्र न दिसणाऱ्या गल्लीत, मासे उतरवून आलेली माणसं जिथे जेवतात, ती तुमची जागा. ज्याने पहाटे तो मासा हाताळला आहे, तो दुपारी शिळा मासा पैसे देऊन खाणार नाही.

मी एकदा हे ऐकलं नाही. सहावं वर्ष असेल नोकरीचं. हाताशी चारच तास होते, पाय थकले होते, म्हणून समोर दिसलं त्या देखण्या ठिकाणी बसलो. बांगड्याच्या जातीचा मासा होता. पहिल्याच घासाला जिभेला मिरी लागल्यासारखं झोंबलं, ओठांना झिणझिण्या आल्या. मला वाटलं मसाला असेल, आणि सगळं ताट संपवलं. अर्ध्या तासात चेहरा लालबुंद, डोकं फुटेल असं दुखणं, छाती धडधडायला लागली. जहाजावर परत आल्यावर कळलं की बांगडा, तारली, कुपा असे मासे पकडल्यावर उबेत पडून राहिले तर त्यांच्यात हिस्टामाइन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं, आणि ते एकदा तयार झालं की कितीही तळा, उकळा, जात नाही. मासा दिसायला ठीक असतो, वासही फारसा येत नाही. म्हणून बाबा, तुम्हाला विशेष सांगतो, कारण तुमचा स्वभाव पानात टाकायचं नाही असा आहे: जीभ झोंबली तर तो घास काढून टाका आणि ताट बाजूला सारा. पैसे गेले तर जाऊ देत. तुमच्या रक्तदाबाला तो त्रास झेपणारा नाही.

आता वेळ. तुम्ही उतराल त्या दिवशी लगेच जेवायची जागा शोधू नका. संध्याकाळी धक्क्यावर फिरायला जा आणि कुणालाही विचारा, होड्या किती वाजता येतात. बऱ्याच लहान बंदरांच्या तोंडाशी पाणी उथळ असतं, त्यामुळे होड्या भरतीच्या पाण्यावर आत येतात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आज सकाळी आठला आलेल्या होड्या तीन दिवसांनी साडेदहाला येतील. बाबा, तुम्ही रेल्वेच्या वेळा पाठ असलेले. हे गणित तुम्ही पहिल्याच दिवशी वहीत मांडाल आणि आईला दुपारी किती वाजता जेवायला निघायचं ते सांगाल, याची मला खात्री आहे. दोन-तीन दिवस वारा सुटला, समुद्र खवळला, की लहान होड्या जातच नाहीत. त्या दिवसांत ज्या ठिकाणी सगळेच्या सगळे मासे "ताजे" मिळतात तिथे जाऊ नका. भाजी-आमटी खा, बिघडत नाही. जिथे माशांचा लिलाव रविवारी बंद असतो तिथे सोमवारीही हेच धोरण ठेवा.

माझी सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे मालकाचा नकार. "हा आज नाही, तो उद्या बघू" असं जो सरळ सांगतो, त्याच्याकडे बसा. खडूने लिहिलेला फळा असेल आणि त्यावरची दोन नावं पुसलेली असतील तर आणखी चांगलं. ज्याच्या छापील यादीत ८० पदार्थ आहेत, त्याचा मासा कुठून तरी गोठवलेल्या पेटीतून येणार हे धरून चाला.

पेटीतला मासा वाईटच असतो असं मात्र मनात धरू नका. २०१८ साली टोकियोचा मासळीबाजार त्सुकिजीहून तोयोसूला हलला. तिथे वरच्या सज्जातून मी पहाटे ट्यूनाचा लिलाव पाहिला. कुप्याच्याच घराण्यातले ते प्रचंड मासे, पांढऱ्या दहिवराने माखलेले, ओळीने मांडलेले. शेपटाकडचं मांस कापून उघडं ठेवलेलं, आणि खरेदीदार हातात बॅटरी घेऊन त्या कापावर वाकून वाकून बघत होते. समुद्रावरच उणे ६० अंशांपर्यंत गोठवलेला मासा असतो तो, आणि जगातले सगळ्यांत चोखंदळ लोक तो घेतात. खरा मार पडतो तो धड गोठवलेला नाही आणि धड ताजाही नाही अशा माशाला. बर्फात गाडून शून्य अंशावर ठेवलेला मासा जेवढा टिकतो, त्याच्या निम्माही तो पाच अंशांवरच्या फ्रीजमध्ये टिकत नाही. म्हणून मासे मांडलेले दिसले तर आधी बर्फ पाहा. बर्फ भरपूर हवा, माशाच्या खालीही आणि वरही.

मासा कसा ओळखायचा हे आईला मी शिकवायला नको. डोळा, कल्ले, बोटाने दाबल्यावर वर येणारं मांस, सगळं तिने मला लहानपणी हात धरून दाखवलंय. एवढंच सांगतो, की खाणावळीच्या दारातही तेच नाक वापर. ताज्या माशाला समुद्राचा वास येतो, "माशाचा" वास येत नाही. तो उग्र वास मासा मेल्यानंतर जिवाणूंनी केलेला असतो. दारात पाऊल टाकल्याबरोबर तो आला तर संकोच न करता वळा. आपण आत शिरलो, आता कसं निघायचं, असं तुला वाटतं हे मला ठाऊक आहे. निघायचं.

शिंपल्यांबद्दल दोन वाक्यं. शिजवल्यावर ज्यांची तोंडं उघडली नाहीत ती उकरून खाऊ नका. आणि कच्ची कालवं तुम्ही दोघांनीही खायची नाहीत, लिंबू पिळून नाही, तिखट घालूनही नाही. कालव समुद्राचं पाणी गाळून जगतं, पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात साठतं, आणि उन्हाने तापलेल्या पाण्यातले काही जिवाणू मधुमेह असलेल्या माणसाला फार वाईट बाधतात. बाबा, हे मी तुमच्याकडे बघून लिहितोय. शिजवलेली, वाफ येणारी, खुशाल खा.

दराचं विचारायला लाजू नका. वजनावर मिळणारा मासा असेल तर शिजवण्याआधी तुमच्यासमोर तोलायला सांगा आणि होणारी रक्कम आधी विचारा. डोकं, काटा, कातडी गेली की अख्ख्या माशाच्या वजनातलं जवळजवळ निम्मंच ताटात खाण्याजोगं उरतं, तेव्हा दोघांना केवढा लागेल त्याचा अंदाज त्या हिशेबाने करा. दक्षिण कोरियात बुसानला जगालची नावाचा बाजार आहे. तिथे खाली बायका हौदांतले जिवंत मासे विकतात आणि वरच्या मजल्यावर ते शिजवून देतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भाषेचं एक अक्षर येत नव्हतं. त्या विक्रेतीने मासा ताजव्यात टाकला, काटा मला दाखवला, आकडा गणकयंत्रावर टाइप करून समोर धरला आणि मी मान हलवल्यावरच मासा वर पाठवला. सगळीकडे असंच व्हायला हवं असं मला तेव्हापासून वाटतं.

बसायची जागाही नीट पाहून घ्या. वाळूत मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय रुततात आणि उठताना आईच्या गुडघ्यावर सगळा भार येतो. फरशीवरची जागा मागा. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं नाही, पाण्यावरून येणारी संध्याकाळची तिरीप त्यांना सोसणार नाही, म्हणून पाण्याकडे पाठ करून बसा. सूर्यास्त बघायचाच असेल तर आधी उभ्याने बघा, मग जेवा. आणि वाऱ्यात तहान लागल्याचं कळत नाही, तेव्हा पाणी मागवून ठेवत जा.

हे सगळं लिहिलं, पण मला खरं सांगायचं आहे ते वेगळंच.

पोर्तुगालात पोर्तो शहराशेजारी मातोझिन्योश म्हणून गाव आहे. लेशोइंशचं बंदर तिथेच आहे, त्यामुळे जहाजावरून उतरून चालत जाता येतं. तिथल्या खाणावळी रस्त्यावरच कोळशाच्या शेगड्या मांडतात आणि जाडं मीठ लावलेल्या तारल्या अख्ख्या भाजतात. उन्हाळ्यात तारली समुद्रात भरपूर खाऊन चरबट झालेली असते. तिची चरबी निखाऱ्यावर गळते, चर्र आवाज होतो आणि धूर गल्लीभर पसरतो. मागच्या जूनमध्ये मी तिथे एकटाच बसलो होतो. शेजारच्या टेबलावर तुमच्याएवढं जोडपं होतं. त्या आजोबांनी पहिली तारली आपल्या ताटात घेतली, सुरीच्या टोकाने पाठीवर एक रेघ मारली, वरची बाजू अलगद उलगडली, शेपटीकडून काटा उचलला आणि सबंध सांगाडा डोक्यासकट एका झटक्यात बाहेर काढला. मग दोन्ही स्वच्छ तुकडे पावावर ठेवून आजीपुढे सरकवले. आजी गप्पा मारता मारता खाऊ लागली. तिने खाली पाहिलंसुद्धा नाही, इतकी तिला सवय होती. नंतर त्यांनी आपली दुसरी तारली घेतली.

माझा घास हातातच राहिला. आई, मला तुझी बोटं आठवली. आम्हा तिघांच्या ताटांतले काटे काढून होईपर्यंत तुझं ताट गार झालेलं असायचं. मधले तुकडे आम्हाला, बाबांना. तुला डोक्याचा नाही तर शेपटीचा. "मला शेपटीच आवडते" असं तू म्हणायचीस आणि मी वीस-बावीस वर्षांचा होईपर्यंत ते खरं मानत होतो. जहाजावर पहिल्या वर्षी आमच्या आचाऱ्याने माझ्या ताटात शेपटीचा तुकडा वाढला. किती काटे, किती थोडं मांस. तुला तेव्हाच फोन करायला हवा होता. केला नाही. आज लिहितोय.

बाबा, तुम्ही घरातला रेडिओ उघडून केसाएवढ्या तारा बोटांनी जुळवायचात. दृष्टी आता थोडी मंद झाली असेल, बोटं झालेली नाहीत. काटा डोळ्यांपेक्षा बोटांच्या टोकांना लवकर कळतो. अख्खा भाजलेला किंवा तळलेला मासा मागवा. आधी पाठीवर, डोक्यापासून शेपटीपर्यंत, काट्याला लागेल इतकी खोल रेघ. वरची बाजू पोटाकडे उलगडा. मग शेपूट धरून मधला काटा सावकाश वर ओढा, माशाला दुसऱ्या हाताने हलकं दाबून ठेवा. पोटाकडचे बारीक काटे राहतील, ते बोट फिरवून काढा. पहिल्या दिवशी मोडेल, तिसऱ्या दिवसापर्यंत जमेल. घाई नाही, आठ दिवस आहेत.

आणि आई, ते झाल्यावर तू नको-नको म्हणू नकोस. गरम असतानाच खा.

आमचं जहाज दोन आठवड्यांनी बंदराला लागेल, तेव्हा नेट नीट मिळेल. रोज कुठे जेवलात ते बाबांनी वहीत लिहून ठेवावं आणि त्या पानांचे फोटो पाठवावेत. आईच्या ताटाचा एक फोटो वेगळा हवा. मला त्यात मधला तुकडा दिसला पाहिजे.

तुमचा,
धाकटा